बकरीले आधी सांगणारा मिस्त्री

त्या दिवशी दुकानापुढं इतके जण होते. माही पोरगी वंदना. माहा दीर मोतीराम अन् त्याची बायको शेवंता, म्हणजे माही जाऊ. मिस्त्रीची बायको शकिलाभाभी. समोरच्या चहाच्या टपरीवाला नामदेव, गावात सगळ्यात उंच माणूस. मी. मिस्त्री. अन् मिस्त्रीची बकरी. बकरीले मोजलं नाही तर मिस्त्री रागावला असता.

मिस्त्रीचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतलं का माणूस विचार करणं सोडते, असं तो म्हणे. हे तो वस्तूबद्दल म्हणे, पण त्याच्याबद्दल बी चालते.

मी दुसरीपर्यंत शिकली. उजव्या हाताचा एकटा आंगठा राह्यला आहे, म्हणून डाव्यानं लिहिते. हळू होते. सवड आहे आता.

वरवट बकालच्या रस्त्याले त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. वर पत्रं, मागं घर, घराले लागून बकरीचं खोपटं. मिस्त्रीची दाढी एका बाजूनं वेल्डिंगनं जळलेली राहे. दुसरी बाजू तो कापे नाही. काऊन म्हटलं तर म्हणे, "दोन्ही सारख्या केल्या तर कोणती जळली हे कसं समजंन?"

त्याच्या दुकानात वस्तूचं नाव घ्यायचं नाही, असा कायदा होता. कोणी आला अन् म्हणाला, "मिस्त्री, पंप बिघडला," तर हा तोंड फिरवे.

"पंप राहू दे. काय होऊन नाही राह्यलं, थे सांग."

"पाणी येत नाही."

"कुठी येत नाही?"

"वर. टाकीत."

"खाली येते?"

"खाली तर येते."

"मंग असं म्हण ना बे, का पाणी चढत नाही. पंप म्हटलं का मी पंपाजवळच बसतो. चढत नाही म्हटलं का पाण्यामागं मागं जातो."

तो माणूस पंप डोक्यावर घेऊन आला होता. तसाच वापस घेऊन गेला. पाइपाले मधात चीर होती.

औजार मागायची बी तशीच तऱ्हा. हातोडी म्हणायचं नाही, "ठोकायचं दे" म्हणायचं. हाताले येईन ते द्यायचं. भाभीनं एक डाव वरवंटा आणून देला, त्यानं वरवंट्यानं ठोकलं अन् वरून म्हणे, हे हातोडीपेक्षा बरं. मंग वरवंटा दुकानातच राह्यला अन् भाभीले दुसरा घ्या लागला. जेवतानी बी तो "आंबट दे" म्हणे. भाभी कधी लिंबू देये, कधी कैरीचं लोणचं, अन् रागात असली तर आंबलेलं ताक. तो खाऊन घेये. भाभी म्हणे, "ज्यानं नाव घ्यायचं नाही त्यानं पसंती बी ठेवायची नाही."

बकरीचं असं होतं. कोणतंही काम आलं का मिस्त्री आधी बकरीपुढं उकिडवा बसे अन् तिले सगळं सांगे. अशी अशी वस्तू आहे, हे असं करते, अथी अडकते. लोक हसत. बसमधले लोक खिडकीतून पाहत. तो म्हणे, "माणसाले सांगायले गेलं का तो मधातच हाव हाव करते, त्याले समजलं असं दाखवते. बकरी हाव म्हणत नाही. तिच्यापुढं आपल्याले शेवटपर्यंत सांगा लागते. सांगता सांगता आपलंच कुठीतरी अडकते. जथी आपण अडकलो तथीच मशीन अडकलेली राहते." बकरी रवंथ करत ऐके. कंटाळली का पाठ फिरवे. बकरीनं पाठ फिरवली का मिस्त्री म्हणे, मी फालतू बोलून राह्यलो, अन् पहिल्यापासून सुरू करे.

गावातल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरे. गिरणीवाल्यानं पट्टा बदलला, चाक बदललं, तरी घसरेच. मिस्त्री गेला अन् त्याले म्हणे, "हा पट्टा अजून घसरला पाह्यजे. काय करता येईन?"

"भांग घेतली का?" गिरणीवाला म्हणे.

"सांग तर. तुह्या दुश्मनाची गिरणी आहे समज. पार सत्यानास करायचा आहे."

"तेल सोड. पाणी टाक. नाहीतर पीठ उडव पट्ट्यावर." इतकं बोलून गिरणीवाला वळला. पट्ट्याकडं पाह्यलं. पीठ होतंच. शेजारीण तिच्या वाळत घातलेल्या कपड्यावर पीठ उडते म्हणून रोज भांडे, म्हणून त्यानं त्या अंगची खिडकी बुजवली होती. पीठ बाहीर जायचं तर पट्ट्यावर बसून राह्यलं. खिडकी उघडली, पट्ट्यानं चाक धरलं. शेजारणीचं भांडण परत सुरू झालं. मिस्त्री म्हणे, ते माहं काम नाही. मंग दोन पावलं जाऊन थांबला अन् म्हणे, काऊन नाही? अन् तिच्या दोरीवरचे कपडे पाहत उभा राह्यला. शेजारीण काठी घेऊन आली तवा घरी गेला.

त्याचं सगळंच जमे असं नाही. उन्हाळ्यात त्याले वाटलं, सावली सरकते तर खाटीनं बी सरकलं पाह्यजे. खाटीले चाकं लावली. चिंचेखाली झोपला. रस्त्याचा उतार त्याच्या ध्यानात नव्हता. खाट झोपलेल्या मिस्त्रीले घेऊन निघाली ते नामदेवच्या टपरीले जाऊन टेकली. नामदेव सांगे, मिस्त्रीनं डोळे उघडले, आजूबाजूले पाह्यलं, अन् म्हणाला, "आलोच आहो तर एक चहा दे." अन् चहा पिता पिता म्हणे, "खाट चांगली आहे, झोपायच्या कामाची नाही. दुसरं काय काम असंन तिचं, विचार करू." भाभी तीच खाट घेऊन पाणी आणे मंग, हंडे ठेवून.

आता हाताचं सांगते.

वंदनाचा बाप ती चालायले लागली तवाच गेला. मी दिराच्या घरी राह्यली. दोन बैल, एक म्हैस, दोन वासरं. दिरानं कडबा कापायची लाइटीची मशीन आणली, कुट्टी मशीन म्हणतात तिले. एका तोंडातून ज्वारीचा कडबा घालायचा, आत दोन रूळ फिरतात, ते कडबा ओढतात, अन् त्याच्यापुढं मोठ्या चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. संध्याकाळी कुट्टी मीच करो. मशीनीले तोंडावर पत्र्याचं झाकण आलं होतं. त्याच्यात पाला अडके, घडीघडी बंद करा लागे, म्हणून दिरानं ते काढून ठेवलं. मी बी काही म्हणलं नाही. सगळ्याच्याच घरी काढून ठेवलेलं होतं.

एका संध्याकाळी पेंढीसंगं माहा हात गेला. चार बोटं अन् अर्धा पंजा. दवाखान्यात बरेच दिवस काढले. कापूस येचणं गेलं, निंदण गेलं, भाकर थापणं गेलं. भाकर एका हातानं थापायले मंग शिकली, पण ती वाकडी होये. शेवंता कधी बोलली नाही. वाकडी भाकर आपल्या ताटात घेये.

माह्या बोटात पितळी आंगठी होती, तिनं पात्याची धार गेली. दीर मशीन गाड्यावर टाकून मिस्त्रीकडं घेऊन गेला. मिस्त्रीनं पातं पाह्यलं.

"याले काय लागलं?"

"वहिनीची आंगठी," दीर म्हणे.

मिस्त्रीनं पातं खाली ठेवलं. "अर्धा बिघाड अथी आला, अर्धा घरीच राह्यला. तिले घेऊन ये, मंग हात लावतो."

दीर रागावून आला. ढोरं उपाशी होती. कोयत्यानं कापलेला कडबा पुरे नाही. पण गावात दुसरा मिस्त्री नव्हता, म्हणून मले पट्टी बांधलेल्या हातानं जा लागलं.

तवापर्यंत जो भेटे तो अरेरे म्हणे. कोणी म्हणे नशीब. कोणी म्हणे ध्यान कुठी होतं तुहं. मिस्त्री यातलं काही म्हणाला नाही. त्यानं मले मशीनीपुढं बसवलं, मोटर नव्हती लावलेली, अन् एक पेंढी आणून देली.

"बहन, थे दिवस सोडून दे. त्याच्या आधल्या दिवशी कशी घालत होती? ज्या दिवशी काही झालं नाही, तसं करून दाखव."

मी डाव्या हातानं दाखवलं.

"अजून."

परत दाखवलं. तो जमिनीवर आडवा होऊन पाहे. मंग मागून पाहे. मंग मशीनीच्या तोंडात डोकं घालून पाहे. त्याले वाईट वाटत होतं का नाही मले माहीत नाही, पण त्याले जाणून घ्यायचं होतं, एवढं दिसे. मले तेच बरं वाटलं. तेवढा येळ मी बिचारी नव्हती, मी सांगणारी होती.

"हाताले काय सांगत होती तू? आत जाय म्हणून?"

"मी काहाले सांगीन. सोडायच्या आधीच ओढलं."

"सोडलं काऊन नाही?"

"सोडतच होती."

"कवा सोडतं मंग? पेंढी किती राह्यल्यावर?"

मी कधी पाह्यलंच नव्हतं. तो म्हणे, जाय, विचार कर, बकरी आहे तथी, पाह्यजे तर तिले सांग. मी काही बकरीले सांगितलं नाही. पण ध्यानात राह्यलं.

घरी दुसरीच चिंता होती. मशीन आज ना उद्या येणार. दीर पहाटपासून वावरात, शेवंता म्हशीमागं. मंग कुट्टीले उभी राहणार कोण? वंदना. पंधरा सोळाची होती. शाळेतून आली का तिलेच उभं राहा लागणार. तिनं स्वतःच म्हटलं होतं, "माय, मी करीन, तू बस." मी तिच्या हाताकडं पाहो. बोटं लांब होती तिची. मले वाटे, सगळं जाऊ दे, फक्त हे हात राहिले पाह्यजे. पण दिराले काय सांगू? आम्ही त्याच्या घरी खात होतो.

मिस्त्रीनं पातं घासून देलं तवा मशीन आली अन् वंदना उभी राह्यली. मी काय करो, बोर्डाजवळ भिंतीले टेकून बसो अन् डाव्या हाताचं बोट बटनावर ठेवो. कुट्टी होईस्तोवर उठत नसो. बटन बंद केल्यावर बी चाक फिरत राहते, हे मले माहीत होतं. तरी बसो.

मिस्त्रीनं मशीन देली, पण सोडली नव्हती. रोज येये. दारातून विचारे, "काय होते अथी? कडबा कापला जाते असं सांगू नको."

वंदनाले तो आवडे. ती म्हणे, "ओढलं जाते. मंग तोडलं जाते."

"शाब्बास. ओढणारं अन् तोडणारं तोंड. असं तोंड दुसरं कोणाले आहे?"

"म्हशीले. बकरीले."

मिस्त्री तसाच मागं फिरला. पायातली चप्पल तथीच ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन परत गाड्यावर आणायले लावली अन् आम्हा सगळ्याले दुकानावर बोलावलं. पहिल्यांदी नावं सांगितली तो हा दिवस.

त्यानं वंदनाच्या हाती कडब्याची पेंढी देली. "बकरीले चार. जशी मशीनीले चारतं तशी."

वंदनानं पेंढी बुडाकून मुठीत धरली अन् शेंडा बकरीपुढं केला. आम्ही सगळे तसंच धरतो. झाडू धरल्यासारखं. बुड जाड राहते, मुठीत बसते. बकरीनं शेंड्याचा पाला धरला अन् मान झटकली. वंदना दोन पावलं पुढं गेली.

"सोडलं काऊन नाही?" मिस्त्री म्हणे.

"मले काय माहीत ती ओढंन."

"मशीन सांगून ओढते का?"

मंग त्यानं पेंढी उलटी करायले सांगितली. पाल्याकडून धरायची, बुड पुढं. बकरी बुड काही खाये नाही. तोंड फिरवून बसली. मिस्त्री म्हणे, "हिच्याच्यानं होत नाही. सरक." अन् तिच्या जागेवर तो स्वतः बसला. दोन हातात दोन पकडी घेतल्या, त्यात पेंढीची बुडं धरली अन् ओढलं. वंदनाच्या मुठीतून पाला सरकत सरकत निघून गेला. हात जागच्या जागी. दोन चार पानं मुठीत राह्यली.

शेवंता म्हणे, "बकरी झाली का मिस्त्रीची?" सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. तो माह्याकडं पाहून म्हणे, "बहन, तुले म्हटलं होतं ना, कवा सोडतं."

तवा मले समजलं. आम्ही पेंढी मुठीनं धरत होतो, अन् मूठ बुडावर होती. बुड शेवटी जाये. शेवटी म्हणजे रुळाजवळ. जी जागा हात सोडायची, तथीच हाताची पकड सगळ्यात घट्ट. इतकी वर्षं आम्ही सगळ्या बाया तसंच घालत होतो, कारण शेंडा लवकर चावला जाते अन् बुड हाताले बरं लागते. कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून करत होतो.

"मंग उलटं घालू," दीर म्हणे. "झालं?"

"झालं कुठी? उद्या कोणी घाईत सुलटं घालंन." मिस्त्रीनं नामदेवले हाक मारली. "ये बे लंब्या. तुह्यापेक्षा लांब हात कोणाचा आहे गावात?"

नामदेवनं मशीनीच्या तोंडाशी बोट टेकवून हात लांब केला, पार खांद्यापर्यंत. मिस्त्रीनं खडूनं खूण केली. इतकी लांब, चारही अंगानं बंद, चौकोनी पत्र्याची नळी तोंडाले लावायची. माणसानं ठरवलं तरी बोट रुळापर्यंत पोचलं नाही पाह्यजे.

दीर म्हणे, "झाकण होतं तेवढ्यातच पाला अडके. इतक्या लांब नळीत तर पेंढी जायचीच नाही."

"शेंडा घालतं म्हणून अडकते. शेंडा नरम आहे, वाकते, गोळा होते. बुड काठीसारखं आहे, सरळ जाईन. अन् मागची पेंढी पुढचीले ढकलंन."

"अन् सगळ्यात शेवटची?"

"राहीन नळीत. उद्याची पहिली तिले ढकलंन. म्हैस काय हिशोब मागते का तुले, आजचा घास आज म्हणून?"

नळीचं तोंड त्यानं मुद्दाम लहान ठेवलं. शेंड्याकडून घातलं का पाला गोळा होऊन बुजूनच जाये. बुडाकून घातलं तर सरळ आत. मिस्त्री म्हणे, चुकीचं करणं अवघड करून ठेवा, माणूस आपोआप बरोबर वागते. त्याले शहाणं करत बसू नका.

पण दिराचं एक खरं होतं. पात्याले धार लावायले नळी काढा लागणार. जी नळी काढता येते ती काढूनच ठेवली जाते. झाकणाचं तेच झालं होतं. मिस्त्रीले हे पटलं. अन् इथं तो अडकला. नळी निघाली पाह्यजे अन् नळी निघाली नाही पाह्यजे, दोन्ही. असं दोन तोंडाचं काम आलं का तो दोनच शब्द घोकत फिरे, "कवा, कुठी. कवा, कुठी." कवा निघावी? पातं घासतानी. कवा निघू नाही? चाक फिरतानी. इतकं सोपं करून बी त्याले पुढं दिसे नाही. बकरीले किती डाव सांगितलं असंन. बकरीनं पाठ फिरवून घेतली. दाढीची न जळालेली बाजू बी त्यानं जाळून घेतली, ध्यान नव्हतं.

शेवटी शकिलाभाभी वैतागली. मी तथीच होती, नळी पाह्यले गेली होती.

"सकाळपासून कवा कुठी लावलं. घरात येता जाता काय पाहता मंग?"

"काय आहे घरात?"

भाभीनं त्याचा हात धरून मागं नेला. स्वयंपाकाच्या खोलीचं कवाड अन् बकरीच्या खोपट्याचं कवाड जोडून जोडून होते. दोन्हीच्या मधात भिंतीले खिळ्यावर एकच लाकडी आगळ लोंबत होती. भाभीनं ती खोपट्यावरून उचलली अन् सोडली. आगळ आपल्या वजनानं फिरून स्वयंपाकाच्या कवाडावर पडली. खोपटं उघडलं का स्वयंपाकघर बंद. बकरी पिठात तोंड घाले म्हणून भाभीनं केलं होतं ते.

"हे कोणं केलं?" मिस्त्री म्हणे.

"तुमच्या बकरीनं."

मिस्त्री तथी उभा राहून आगळ इकडून तिकडं पाडत बसला. बकरी आत बाहीर होऊन दमली. भाभी मले म्हणे, "आता आठ दिवस जेवण मागणार नाही हा."

तीच आगळ त्यानं लोखंडाची करून मशीनीले लावली. नळीच्या कानात, म्हणजे तिले जोडलेल्या कडीत, ती अडकलेली असली का चाक मोकळं. नळी काढायची म्हटलं का आगळ कानातून उचला लागे, अन् उचलली का ती आपल्या वजनानं चाकाच्या आऱ्यात जाऊन पडे. नळी नाही तर चाक नाही. लावतानी दिराले म्हणे, "मोतीराम, ज्याले तोडायचंच आहे त्याले मी काय, कोणी थांबवू शकत नाही. मी त्याले फक्त एक डाव थांबून विचार करायची जागा करून देतो. त्याच्यापुढं त्याचं त्यानं पाहावं."

दीर म्हणे, "पाहू."

काही दिवस बरं चाललं. मी बटनावरचं बोट काढलं नव्हतं अजून. मंग शेवंताच्या भाच्याचं लग्न निघालं. नांदुऱ्याहून रेल्वे धरायची होती, अन् दोन दिवसाची कुट्टी करून ठेवा लागणार होती. दिरानं घाईत स्वतः पेंढी घेतली अन् जुन्या सवयीनं शेंड्याकडून घातली. नळी बुजली. त्यानं ओढली, ढकलली, निघे नाही. शेवंता बाहीरून आवाज देऊन राह्यली होती, जीप आली म्हणून.

"ह्या मिस्त्रीच्या तर," दीर म्हणे. त्यानं आगळ उचलली, नळी सोडवली, भिंतीले टेकवली अन् वंदनाले म्हणे, "घाल पोरी लवकर." अन् माह्या बोटावरून हात घालून त्यानंच बटन दाबलं.

मोटर घुं घुं करायले लागली. पट्टा चर्र वाजला, जळाल्याचा वास आला. चाक हललं नाही. वंदना पेंढी घेऊन तोंडापुढं उभी. ते उघडं तोंड मी कितीक दिवसानं पाहून राह्यली होती.

दिरानं बटन बंद केलं. वाकून पाह्यलं. आगळ आऱ्यात पडली होती. त्यानं उचलून धरली, सोडली का परत पडे. मंग तो गेला अन् बैलाचं दावं घेऊन आला. आगळ वर धरून दाव्यानं बांधली का झालं, चाक मोकळं. इतकं सोपं होतं. मिस्त्रीले बी माहीत होतं का इतकं सोपं आहे.

तो दाव्याची गाठ मारायले बसला. गाठ मारायले हात चाकाच्या आऱ्यातून पलीकडं घाला लागे. त्यानं हात घातला अन् तसाच थांबला.

मले ओरडावं वाटलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, बांधा. घर तुमचं, मशीन तुमची. पण मंग पेंढी तुम्ही घाला. वंदना बटनावर बसंन."

त्यानं माह्याकडं पाह्यलं नाही. आपल्या हाताकडं पाह्यलं, जो आऱ्यात होता. मंग तो हात हळू बाहीर काढला. बाहीर जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता. दिरानं दावं खांद्यावर टाकलं, नळी उचलली, जागेवर बसवली, आगळ कानात अडकवली.

"वंदे, बुड कोणत्या अंगानं म्हणत होता तो?"

"पुढं, काका. आधी बुजलेलं काढून घ्या."

त्यानं सगळी कुट्टी स्वतः केली. मी बटन सोडून उठली अन् चूल पेटवली. शेवंता लग्नाले एकटीच गेली, अन् येऊन महिनाभर बोलली नाही त्याच्यासंगं. नळी परत कधी निघाली नाही, पातं घासायले सोडून.

मिस्त्रीले हे मी जाऊन सांगितलं. मले वाटलं खूश होईन. तो म्हणे, "दावं आणलं त्यानं? दोरीचं माह्या डोक्यात आलं होतं, बैलाच्या दाव्याचं नाही. किती जाड होतं? गाठ कोणती मारत होता?" अन् उठून बकरीकडं गेला.

पुढं तो पोराकडं नांदुऱ्याले राह्यले गेला अन् तथीच वारला. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तशी नळी त्यानं आसपासच्या बऱ्याच घरी लावून देली. काहीनं ठेवली, काहीनं काढून कोंबड्याची खुराडी केली. त्याले समजलं तवा तो खुराडी बी पाहून आला, अन् म्हणे, कोंबड्याले बरी आहे.

वंदना आता बुलढाण्याले एका लॅबमधी रक्त काढते. तिच्याकडं छोटे लेकरं घेऊन येतात लोक, तिचा हात हलका आहे म्हणून.

जो कोणी हे वाचंन त्याले एकच मागणं आहे. घरी कुट्टी मशीन असंन तर आज तिची लाइट बंद करा, पट्टा काढा, चाकात लाकूड अडकवा. मंग घरातल्या सगळ्यात लांब हाताच्या माणसाले तोंडातून हात आत घालायले सांगा. बोट रुळाले लागलं तर नळी लावून घ्या, अन् तवापर्यंत कुट्टी करू नका.